वर बरोबर शब्द दिसतो, खाली मूल चुकीचाच लिहितं: मराठी शब्दसूचना सुरू करताना हमखास येणारी अडचण

"मॅडम, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. कीबोर्ड टाकला, सूचना चालू केल्या. पहिले चार दिवस मजेत लिहिलं, आता परत पहिल्यासारखं. वर पट्टीत बरोबर शब्द दिसतोय, आणि हा खाली 'शालेत' लिहून मोकळा होतो."

लिहिण्यात अडखळणाऱ्या मुलांना मी शिकवते, आणि असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतोच. फोनवरचा आवाज दमलेला असतो. मुलाला सांगायचं खूप असतं, तोंडाने तो अख्खी सहल सांगतो, कागदावर मात्र दोन ओळी उतरतात आणि त्याही पुसून पुसून काळ्या झालेल्या. अशा मुलासाठी शब्दसूचना ही मोठी सोय आहे. दोन-तीन अक्षरं टाइप केली की कीबोर्डवरच्या पट्टीत तीन शब्द येतात, हवा त्यावर बोट ठेवायचं. स्पेलिंग किंवा शुद्धलेखन आठवत बसण्यापेक्षा समोरचा शब्द ओळखणं बहुतेक मुलांना सोपं जातं.

मग अडतं कुठे? कारणं पाच-सहाच आहेत. सोप्यापासून सुरुवात करू. पण मूळ दुखणं बहुतेक वेळा शेवटच्या दोन कारणांत सापडतं, म्हणून घाईत असाल तरी ती दोन वाचाच.

स्पेस बारवर काय लिहिलंय?

हसू नका, दर तिसऱ्या-चौथ्या घरात चूक इथेच असते. मराठीऐवजी हिंदीचा कीबोर्ड टाकलेला असतो. दोन्ही देवनागरी, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. मूल 'नाही' लिहायला जातं आणि पट्टी 'नहीं' दाखवते. 'लेकिन', 'क्योंकि' असे शब्द दिसायला लागले की समजून घ्या. 'ळ' चटकन सापडत नाही म्हणून मूल 'शाला', 'बाल' असं लिहायला लागतं आणि आपण त्याच्यावर चिडतो. जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, स्पेस बारवर भाषेचं नाव दिसतं. तिथे 'मराठी' असलं पाहिजे.

त्याच वेळी सेटिंगमध्ये 'टेक्स्ट करेक्शन' उघडा. सूचनांची पट्टी चालू ठेवा आणि ऑटो-करेक्शन बंद करा. ऑटो-करेक्शन मुलाला न विचारता शब्द बदलतं. ज्या मुलाला आधीच स्वतःच्या लिहिण्यावर विश्वास नाही, त्याने लिहिलेला शब्द डोळ्यांदेखत बदलला तर त्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. पुढच्या शब्दाची सूचना, म्हणजे एकही अक्षर टाइप करण्याआधी जे शब्द येतात ते, पहिला महिनाभर बंदच असू द्या. माझ्याकडच्या एका मुलीने 'माझी आई' या निबंधात मधल्या शब्दावर बोट मारत मारत अर्धं पान भरलं होतं. वाक्यं गुळगुळीत होती, आणि त्यात तिची आई कुठेच नव्हती.

सूचना मुळीच येत नसतील तर आणखी दोन गोष्टी बघा. टॅबला ब्लूटूथ कीबोर्ड जोडला की पुष्कळदा स्क्रीनवरचा कीबोर्ड आणि त्याबरोबर पट्टीही गायब होते. अँड्रॉइडमध्ये 'फिजिकल कीबोर्ड'च्या सेटिंगमध्ये स्क्रीनवरचा कीबोर्ड दिसत ठेवण्याची सोय आहे, ती चालू करा. दुसरं म्हणजे काही ॲपमधल्या रकान्यांत सूचना मुद्दाम बंद केलेल्या असतात. नोट्सच्या साध्या ॲपमध्ये लिहून बघा. तिथे सूचना येत असतील तर कीबोर्ड ठीक आहे.

फोन कुणाचा आहे?

सहावीतला एक मुलगा 'माझा आवडता प्राणी' लिहीत होता. 'बै' टाइप केलं, पट्टीत आलं 'बैठक'. 'पे' टाइप केलं तर 'पेमेंट'. फोन बाबांचा होता आणि कीबोर्ड बाबांचे शब्द शिकलेला होता. मुलाला हवा होता 'बैल'.

कीबोर्ड जो वापरतो त्याचे शब्द शिकतो. ही त्याची ताकद आहे, आणि लिहिण्यात अडचण असलेल्या मुलाच्या बाबतीत तीच डोकेदुखीही ठरते, कारण तो मुलाच्या चुकाही शिकतो. 'शालेत' चार-पाच वेळा लिहून झालं की पट्टी स्वतःच 'शालेत' सुचवायला लागते. मुलाला वाटतं, मशीनच सांगतंय म्हणजे बरोबर असणार. चुकीचा शब्द पट्टीत दिसला तर त्यावर बोट दाबून धरा आणि वर येणाऱ्या कचरापेटीच्या चिन्हावर ओढून टाका. दर रविवारी पाच मिनिटं मुलाबरोबर बसून हे करा. चुका फारच साचल्या असतील तर जीबोर्डच्या सेटिंगमध्ये शिकलेले शब्द पूर्ण पुसण्याची सोय आहे.

वेगळा फोन घेणं प्रत्येक घराला परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. त्याच फोनवर मुलासाठी दुसरा कीबोर्ड टाका. बाबा जीबोर्ड वापरत असतील तर मुलासाठी स्विफ्टकी. त्यातही मराठी आहे. लिहायला बसताना कीबोर्ड बदलायचा, एवढंच.

मग मुलाचे स्वतःचे शब्द पर्सनल डिक्शनरीत घाला. त्याचं आणि भावंडांचं नाव, गावाचं नाव, मित्रांची नावं, घरच्या कुत्र्याचं नाव. हे शब्द कुठल्याही कीबोर्डला आधीपासून माहीत नसतात, आणि मुलाला पहिल्यांदा लिहायचे असतात ते हेच. धड्यातले अवघड शब्दही घाला. जीबोर्डमध्ये शब्दाला छोटी खूण देता येते. 'प्रस' टाइप केलं की 'प्रकाशसंश्लेषण' यावं अशी सोय सातवीच्या एका मुलाला करून दिली. पुढच्या आठवड्यात तो विज्ञानाचं उत्तर लिहून आला, तीन ओळींचं. आधी तो त्या शब्दाला घाबरून प्रश्नच सोडून द्यायचा.

वेलांटी आधी की अक्षर आधी?

हा घोटाळा संगणकावर जास्त होतो. आपण वहीत 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी काढतो, मग 'क'. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर (संगणकावरची प्रमाण देवनागरी मांडणी) आणि युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवण्याची प्रमाण पद्धत) क्रम उलटा आहे: आधी 'क', मग वेलांटी. मुलाने हाताच्या सवयीने वेलांटी आधी दाबली की स्क्रीनवर ठिपक्यांचं एक गोल उमटतं आणि त्याला वेलांटी लटकलेली दिसते. असा शब्द कीबोर्डला ओळखता येत नाही, म्हणून सूचना येत नाही. मूल म्हणतं, "दिवस येतच नाही."

इथे पालकांच्या पिढीचाही एक गोंधळ मिसळतो. ज्यांनी टाइपरायटरवर मराठीची परीक्षा दिली, त्यांच्या बोटांना वेलांटी आधी दाबायचीच सवय असते, कारण टाइपरायटरवर तसंच होतं. ते मुलाला मायेने शिकवायला बसतात आणि उलटं शिकवतात. मुलाला एकच सांगा: जे आधी ऐकू येतं ते आधी दाबायचं. 'दि' म्हणताना आधी 'द्' ऐकू येतो. रफारालाही हेच लागू. 'सूर्य' म्हणून बघा, 'र' 'य'च्या आधी येतो, म्हणून तो आधी दाबायचा, जरी वहीत रफार शेवटी 'य'च्या डोक्यावर चढत असला तरी.

मोबाइलच्या काही कीबोर्डवर अक्षर दाबलं की वरच्या ओळीत 'का, कि, की, कु' असे पर्याय उमटतात. तिथे ही चूक होत नाही. लहान मुलाला सुरुवात करून द्यायला मला तोच प्रकार आवडतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याचा प्रकार मात्र मराठी माध्यमातल्या मुलाला देऊ नका. 'आई'साठी एएआयआय की एआय, हा आणखी एक प्रश्न त्याच्या डोक्यावर कशाला?

शाळेच्या संगणकावर जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट असेल तर वाटेल ते केलं तरी सूचना येणार नाहीत, आणि लिहिलेलं वाचूनही दाखवलं जाणार नाही. विंडोज १० मध्ये २०१९ पासून 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड आहे. तो रोमन अक्षरांवर चालतो आणि शब्दांचे पर्याय दाखवतो. इंग्रजी माध्यमातल्या मोठ्या मुलांना तो जमतो.

पहिलंच अक्षर चुकलं तर

कीबोर्ड ऱ्हस्व-दीर्घाची चूक थोडीफार सांभाळून घेतो. पहिलं अक्षर चुकलं तर मात्र तो भलत्याच गल्लीत शिरतो. आमच्या मुलांच्या ठरलेल्या जोड्या आहेत: भ-म, घ-ध, थ-य, ब-व. 'भाऊ'ऐवजी 'माऊ' सुरू केलं की पट्टीत मांजरच येणार.

यावर जुनाच उपाय चालतो. 'म मगरीचा, भ भटजीचा, घ घराचा, ध धनुष्याचा' अशी चार-सहा चित्रांची पट्टी कागदावर करून टॅबच्या वर चिकटवा. त्या मुलाच्या गोंधळाच्या जोड्या तेवढ्याच ठेवा, सगळी मुळाक्षरं नकोत. शब्द टाइप करण्याआधी पहिला आवाज मोठ्याने म्हणायचा, चित्रावर बोट ठेवायचं, मग अक्षर दाबायचं.

प्रत्यय तुटतो

इथे मी जरा जास्त थांबणार आहे. इंग्रजीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात हा प्रश्न मांडलेलाच नसतो, आणि मराठी मुलांचं अर्धं नुकसान इथेच होतं.

इंग्रजीत सांगतात की शब्द दिसला की लगेच निवडा, जितक्या लवकर तितकं चांगलं. मराठीत तसं केलं तर काय होतं बघा. मुलाला लिहायचंय 'मुलाला'. त्याने 'मू' टाइप केलं, 'मूल' दिसला, निवडला. कीबोर्डने शब्दापुढे आपोआप जागा सोडली. मग त्याने 'ला' टाइप केलं. झालं 'मूल ला'. तसंच 'घोडा वर', 'पाऊस त', 'आजी कडे'. मुलाने प्रत्येक पायरी बरोबर केली, शब्दही शुद्ध निवडला, तरी वाक्य मोडलं. बाई लाल गोल करतात आणि मूल ठरवतं की या कीबोर्डात काही दम नाही.

आपली भाषा प्रत्यय लागताना शब्दाचं रूपच बदलते. घोडा, पण घोड्यावर. पाणी, पण पाण्यात. मूल दीर्घ, पण मुलाला ऱ्हस्व. जमीन, पण जमिनीवर. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांमध्ये या ऱ्हस्व-दीर्घाच्या बदलाला स्वतंत्र जागा आहे, आणि धडधाकट लिहिणाऱ्या मोठ्या माणसांचीही तिथे फे फे उडते. लिहिण्यात अडचण असलेल्या मुलाने हा बदल आठवून करावा ही अपेक्षाच चूक आहे. पट्टीने ते काम केलं पाहिजे, आणि ती करते. फक्त तिला थोडं उशिरा विचारायला हवं.

म्हणून मराठीसाठी माझा नियम उलटा आहे: घाईने निवडायचं नाही, प्रत्ययाच्या उंबरठ्यापर्यंत जायचं. 'शा' वर थांबायचं नाही, 'शाळे' पर्यंत टाइप करायचं. मग पट्टीत 'शाळेत', 'शाळेला', 'शाळेच्या' अशी कुटुंबं दिसायला लागतात. त्यातून निवडलं की शब्द पूर्ण, जोडलेला आणि शुद्ध. दोन बोटं जास्त पडली तरी काही बिघडत नाही.

'शाळे' पर्यंत पोचायचं कसं? तोंडाने. मराठी बोलणाऱ्या मुलाचं सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी बदललेलं शब्दाचं रूप, बोलताना सहसा चुकत नाही, तो 'घोडावर बसलो' असं कधी म्हणत नाही. त्या बोलण्याचा आधार घ्या. मी विचारते, "कुठे गेलास?" तो म्हणतो, "शाळेत." "म्हण परत, हळू." "शा-ळे-त." "आता शा-ळे टाइप कर, आणि वर बघ." दहा-बारा दिवस हे केलं की मूल स्वतःच ओठ हलवत टाइप करायला लागतं. बोलीत 'साळंत' म्हणणाऱ्या मुलालाही पट्टीतला 'शाळेत' ओळखता येतो. त्याची बोली सुधारायला जाऊ नका. त्याला फक्त हे कळू द्या की पुस्तकातला शब्द असा दिसतो.

शब्दयोगी अव्ययांचंही तेच. 'झाडाखाली', 'घरासमोर', 'आजीकडे' हे जोडून लिहायचे असतात. पट्टीत अख्खा शब्द आला नाही आणि आधीच जागा सुटली असेल, तर एकदा बॅकस्पेस दाबून मगच 'खाली' लिहायचं. हे मुलाला हात धरून, त्याच्या बोटाने करून दाखवा. नुसतं सांगून लक्षात राहत नाही.

नजर खाली, शब्द वर

आता सुरुवातीच्या फोनकडे येते. शब्द वर दिसतोय तरी मूल बघत का नाही? कारण त्याची नजर अक्षरं शोधण्यात गुंतलेली असते. पुढचं अक्षर कुठलं, ते कुठे आहे, वाक्यात पुढे काय म्हणायचं होतं, एवढं सगळं एका वेळी चालू असताना वर बघून तीन शब्द वाचायचे हे त्याला जास्तीचं काम वाटतं. ते खरंच जास्तीचं काम आहे. हेडी कोस्टर आणि सायमन लेव्हिन यांनी १९९० च्या दशकात शारीरिक अपंगत्व असलेल्या प्रौढांबरोबर केलेल्या अभ्यासात हेच आढळलं: दाबायच्या बटणांची संख्या कमी झाली तरी यादी बघण्यात वेळ जातो आणि एकूण वेग वाढेलच असं नाही. म्हणून घड्याळ लावून "बघ, किती वेळ लागला" असं करू नका. तुमच्या मुलाला वेग हवा नाहीये, वाचता येईल असं लिहिता यायला हवंय. त्या बाबतीत चांगला अनुभव आहे. अमेरिकेत चार्ल्स मॅकआर्थर यांनी १९९८ मध्ये नऊ-दहा वर्षांच्या पाच मुलांना शब्दसूचना आणि वाचून दाखवणारा आवाज दिला, तेव्हा त्यातल्या चौघांच्या लिखाणात वाचता येण्याजोगे आणि शुद्ध शब्द ९० टक्के किंवा त्याहून जास्त झाले.

सवय लावायची माझी पद्धत अशी. पहिला आठवडा मूल टाइपच करत नाही. तो वाक्य बोलतो, मी अक्षरं दाबते, आणि दर दोन अक्षरांनंतर हात मागे घेते. शब्द निवडणं हे त्याचं काम. "आहे का तुझा शब्द?" तो म्हणतो, "नाही." ते उत्तरही शाबासकीचंच. मी आणखी एक अक्षर दाबते. "आता?" "हा, हा मधला!" या एका आठवड्यात वर बघण्याची सवय लागते, कारण त्याला दुसरं काही करायचंच नसतं. दुसऱ्या आठवड्यात कीबोर्ड त्याच्याकडे आणि 'थांब, वर बघ' म्हणायचं काम माझ्याकडे. दिवसाला चार वाक्यं, त्यापेक्षा जास्त नाहीत. कीबोर्डची उंची आणि फोनमधल्या अक्षरांचा आकार वाढवून ठेवा. बारीक अक्षरांत 'पाणी' आणि 'पाटी' सारखेच दिसतात.

त्याआधी एक छोटी चाचणी मात्र घ्या. कागदावर 'पाऊस, पाणी, पाय' असे तीन शब्द लिहा आणि विचारा, "यातला पाणी कुठला?" असे दहा त्रिकूट करा. सात-आठ बरोबर आले तर शब्दसूचना उपयोगी पडेल. तीन-चारच आले तर मुलाला पर्याय वाचताच येत नाहीयेत, आणि पट्टी त्याच्यासाठी नुसती गर्दी आहे. त्याला सध्या बोलून लिहिण्याची सोय द्या, मराठीत ती चांगली चालते, आणि वाचनावर वेगळं काम सुरू ठेवा. इंग्रजीतली को:रायटर, रीड अँड राइट, वर्डक्यू यांसारखी सॉफ्टवेअर सूचनेतला शब्द वाचूनही दाखवतात. मोबाइलच्या साध्या मराठी कीबोर्डमध्ये ती सोय हाताशी नसते, म्हणून सुरुवातीला तो आवाज आपणच व्हायचं. वाक्य पूर्ण झालं की अँड्रॉइडच्या 'सिलेक्ट टू स्पीक'ने मराठी आवाजात ऐकवा. स्वतःचं वाक्य कुणीतरी घडाघडा वाचतंय हे ऐकताना मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

शाळेत विचारताना

अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. महाराष्ट्रात अशा मुलांना १९९६ पासून परीक्षेत वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना सूट अशा सवलती आहेत. सीबीएसईने २०१८ पासून संगणकावर उत्तरं लिहायची वाट मोकळी केली, मात्र तो संगणक इंटरनेटविना. परीक्षेत शब्दसूचना चालतील का, हे शाळेला लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, आणि ते दहावीच्या वर्षापर्यंत लांबवू नका. वर्गपाठ आणि गृहपाठासाठी वर्गशिक्षकांची परवानगी आजही मागता येईल. जाताना मुलाची हाताने लिहिलेली वही आणि पट्टी वापरून लिहिलेलं पान दोन्ही घेऊन जा, म्हणजे शिक्षकांना फरक डोळ्यांनी दिसेल.

एवढं करूनही अडलं तर मूल लिहीत असताना पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा. चेहऱ्याचा नको, फक्त बोटं आणि पट्टी दिसू द्या. मग रात्री निवांत बसून बघा: बोट कुठल्या अक्षरापाशी घुटमळतं, पट्टीत त्याचा शब्द पहिल्यांदा कधी आला, आणि त्यानंतर त्याने आणखी किती अक्षरं दाबली. या तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. मला फोन केलात तर मी पहिल्यांदा तेच विचारणार आहे.